रुग्णालयाच्या दारापर्यंत वेळेवर न पोहोचलेले मूल
जामखेडच्या आरोळे दांपत्याच्या सेवाकार्याचा एक अभ्यास



प्रतिवर्षी या अहवालात आपण जमाखर्च, ताळेबंद आणि रुग्णसंख्येचे तक्ते पाहता. त्यांच्या जोडीला एखादा अभ्यासलेख असावा, जेणेकरून आपण जे काम करतो त्यामागील विचारही तपासला जावा, या हेतूने यंदा आम्ही 'ख्रिस्ती श्रद्धा आणि गरीब वस्त्यांतील बालकांची आरोग्यसेवा' हा विषय निवडला आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्राचे आमचे ज्ञान रुग्णालयाच्या कचेरीत बसून डॉक्टर व परिचारिकांकडून जे कानी पडले, तेवढेच. तरीही प्रशासकाच्या टेबलावरून काही गोष्टी दिसतात, ज्या कदाचित तपासणीच्या खोलीतून दिसत नसाव्यात. त्यांतील एका गोष्टीपासूनच आरंभ करतो.

१. रोजकीर्दीतील एक नोंद

काही वर्षांपूर्वीचा श्रावण महिना. शेतांतून निंदणाची घाई चाललेली. तालुक्यातील एका कोलाम पोडावरून एक आई आपले सव्वा वर्षाचे बाळ घेऊन सायंकाळी आमच्याकडे आली. दोन दिवसांपासून बाळाला जुलाब व उलट्या होत होत्या. पहिल्या दिवशी मजुरी बुडेल म्हणून ती निंदणाला गेली होती आणि बाळ आठ वर्षांच्या बहिणीजवळ होते. पाणी पाजले की जुलाब वाढतात, असे घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितल्यामुळे बाळाचे पाणी बंद करण्यात आले होते. दुसऱ्या दिवशी नाल्याला पूर असल्याने दुपारपर्यंत वाट पाहावी लागली. आमच्या डॉक्टरांनी व परिचारिकांनी शर्थ केली. परंतु तासाभरातच बाळ गेले.

रात्री आम्ही नेहमीप्रमाणे दिवसाची रोजकीर्द तपासली. त्या बाळाच्या नावावर एक केसपेपर आणि अर्धी सलाईन एवढीच नोंद होती. हिशेबाच्या दृष्टीने तो त्या महिन्यातील सर्वांत कमी खर्चाचा आंतररुग्ण होता. खर्च कमी झाला तो आम्ही काटकसर केली म्हणून नव्हे, तर आम्हांला काही करण्यास वेळच उरला नव्हता म्हणून. ज्या आजाराने ते बाळ गेले, त्याचा पहिला उपाय पोडावरच्या प्रत्येक घरात होता. पाणी होते, मीठ होते, साखर होती. नव्हते ते फक्त ज्ञान, आणि ते ज्ञान विश्वासाने सांगणारे जवळचे माणूस.

हा प्रसंग मनात ठेवूनच आम्ही जामखेडचा अभ्यास केला.

२. ख्रिस्ती रुग्णालयांचा वारसा

महाराष्ट्रातील आधुनिक वैद्यकीय सेवेत ख्रिस्ती मिशनांचा वाटा मोठा आहे. डॉ. विल्यम वॉनलेस हे १८८९ साली भारतात आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेस रुग्णालय सुरू केले. मिरजेचे नाव आजही औषधोपचारासाठी घेतले जाते, त्याची मुळे त्या कामात आहेत. दक्षिणेत वेल्लोर येथे डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० साली एका खाटेपासून सेवा सुरू केली आणि १९१८ साली स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही पांढरकवड्याजवळील उमरीचे मिशन रुग्णालय जुन्या पिढीतील अनेकांच्या स्मरणात आहे.

या संस्थांनी असंख्य प्राण वाचविले. परंतु त्यांची रचना, आमच्या रुग्णालयाप्रमाणेच, रुग्ण दारी येईल या गृहीतावर उभी होती. आजारी मूल आणि खाट यांच्यामध्ये जो चिखलाचा रस्ता, जी बुडालेली मजुरी आणि जो गैरसमज असतो, त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न पुढील पिढीने विचारला. तो विचारणाऱ्यांत डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अग्रणी होते.

३. वडाळ्याहून जामखेडला

रजनीकांत आरोळे यांचा जन्म १९३४ चा, अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील, आईवडील शिक्षक. मेबल यांचा जन्म १९३५ चा, जबलपूरचा. दोघांचेही वैद्यकीय शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. १९६० साली विवाह करताना, आपले आयुष्य खेड्यांतील उपेक्षितांच्या सेवेत घालवावयाचे, असा संकल्प उभयतांनी केला. आरंभी त्यांनी नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात सेवा केली. रुग्ण वाढत होते, शस्त्रक्रिया यशस्वी होत होत्या. परंतु बरे होऊन घरी गेलेली मुले त्याच आजारांनी पुन्हा येत होती आणि भोवतालच्या खेड्यांचे आरोग्य होते तेथेच होते. रुग्णालयाच्या भिंतीआड कितीही परिश्रम केले तरी आजाराचा उगम घरात, विहिरीवर आणि ताटात आहे, हे त्यांच्या ध्यानी आले.

पुढे ते उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि १९७० साली ते मायदेशी परतले. सुखाची वैद्यकी करण्याजोगी शहरे पुष्कळ होती. त्यांनी निवडले ते त्या काळचे दुष्काळी जामखेड. गावाने दिलेल्या, वापरात नसलेल्या गुरांच्या दवाखान्याच्या जागेत त्यांचे काम सुरू झाले. लवकरच १९७२ चा भीषण दुष्काळ आला. अशा वेळी त्यांनी औषधाआधी अन्न व पाणी यांचा विचार केला. गावकऱ्यांच्या सहभागाने लहान मुले व गरोदर माता यांच्यासाठी सामुदायिक स्वयंपाकघरे चालली. कूपनलिका घेताना त्या दलित वस्तीत घेण्याचा आग्रह धरला गेला. पाण्यासाठी साऱ्या गावाला त्या वस्तीत जावे लागले. मुलांच्या जुलाबांवर आणि गावाच्या शिवाशिवीवर असा एकाच वेळी उपाय झाला.

४. शिकविले कोणाला?

आरोळे दांपत्याने प्रथम प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यांत पाठवून पाहिले. ती योजना फारशी फळली नाही. बाहेरून आलेली तरुण परिचारिका गावात एकटी राहू शकत नव्हती आणि गावातील बायका तिच्यापाशी मन मोकळे करीत नव्हत्या. तेव्हा गावातीलच स्त्रिया निवडण्याचा मार्ग पुढे आला. त्यांतील बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. अनेकजणी दलित किंवा भूमिहीन कुटुंबांतील होत्या. काही विधवा, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या ठरावीक दिवशी जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि एक-एक विषय पुनःपुन्हा घोकून, गाण्यांतून व चित्रांतून शिकून गावी परतत. बाळाचे वजन कसे करावे, जुलाबात काय पाजावे, बाळंतपणात स्वच्छता कशी राखावी, डांग्या खोकला कसा ओळखावा, हे त्या आपल्या शेजारणींना आपल्याच बोलीत सांगू लागल्या. गावोगावी शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे स्थापन झाली. मुलांची वजने घेण्याचे काम शेतकरी मंडळांतील पुरुषांनीही केले. पोराचे वजन घटले की त्याचे कारण शोधण्याची जबाबदारी बापावरही येऊ लागली.

१९८८ साली या स्त्रियांपैकी मुक्ताबाई पोळ यांना वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलण्याचा मान मिळाला. सभागृहातील भव्य झुंबरांकडे निर्देश करून त्या अशा आशयाचे बोलल्या की, ही झुंबरे सुंदर आहेत, पण महाग आणि हाताबाहेरची आहेत. आम्ही साध्या वातीचे दिवे आहोत, पण एका दिव्याने दुसरा लावता येतो. शाळेच्या शिक्षणापासून दूर राहिलेल्या खेड्यातील एका स्त्रीने जगभरच्या तज्ज्ञांपुढे हे सांगावे, यातच जामखेडच्या कार्याचे सार आले.

५. श्रद्धेचा प्रश्न

येथे एका शंकेला उत्तर देणे उचित होईल. ख्रिस्ती डॉक्टरांच्या सेवेविषयी बोलताना, या सेवेआड धर्मांतराचा हेतू होता काय, असे आमच्याही परिचयातील काही मंडळी विचारतात. जामखेडच्या ग्रामआरोग्य कार्यकर्त्या हिंदू, बौद्ध, मुस्लीम अशा सर्व समाजांतील होत्या आणि त्या आपापल्या धर्मातच राहिल्या. उपचारासाठी कोणाला श्रद्धेची अट नव्हती. अट होती ती आरोळे यांनी स्वतःवर घालून घेतलेली: मिळकत, प्रतिष्ठा आणि सोय सोडून उपेक्षितांजवळ राहावयाचे.

त्यांची ही वृत्ती समजण्यास येशू ख्रिस्ताने सांगितलेल्या दयाळू शोमरोनी माणसाच्या दृष्टान्ताचा उपयोग होतो. लुटारूंनी मारहाण करून टाकलेल्या एका वाटसरूला पाहून धर्माधिकारी बाजूने निघून जातात. थांबतो तो एक शोमरोनी. तो जखमांवर तेल व द्राक्षारस घालतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, दोन नाणी देतो आणि अधिक खर्च झाल्यास परतताना फेडीन, असे सांगतो. प्रशासक या नात्याने आम्हांला या गोष्टीतील हिशेबाचा भाग नेहमीच आवडत आला. परंतु अभ्यास करताना आमच्या लक्षात आले की, आपण ही गोष्ट बहुधा चुकीच्या जागी उभे राहून वाचतो. देणगीदार, विश्वस्त, प्रशासक, आपण सारे स्वतःला तो मदत करणारा समजतो आणि गरिबाला वाटेत पडलेला जखमी समजतो. मूळ श्रोत्यांच्या दृष्टीने मात्र शोमरोनी हा हलका लेखलेल्या समाजाचा मनुष्य होता. म्हणजे ज्याच्याकडून मदतीची कोणी अपेक्षाच केली नव्हती, तोच येथे प्राण वाचवितो.

जामखेडला हेच घडले. ज्या स्त्रीच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तिच्या हाती गावाने आपली पोरे सोपविली. आमच्या मते या कार्यातील ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा रुग्णालयाच्या इमारतीवरील क्रुसापेक्षा येथे अधिक दिसतो. गरीब माणूस हा केवळ दयेचा विषय नसून तो स्वतः तारणारा होऊ शकतो, यावर आरोळे दांपत्याचा विश्वास होता. आपल्या विदर्भातील संत गाडगेबाबांच्या शिकवणीशी हा विचार परका नाही. त्यांनीही हाती खराटा दिला तो गावकऱ्यांच्याच.

६. आकड्यांची साक्ष

हिशेबनीसाला भावनेपेक्षा आकडा अधिक पटतो. जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी किती बालके पहिला वाढदिवस पाहण्यापूर्वी दगावतात, त्या संख्येस अर्भकमृत्यूदर म्हणतात. १९७१ साली भारतात हा दर १२९ होता आणि जामखेडच्या कार्यक्षेत्रात तर तो १७६ होता. १९७६ पर्यंत, म्हणजे अवघ्या पाच वर्षांत, तेथे तो ५२ वर आला आणि १९९६ साली २६ वर. नमुना नोंदणी पाहणीनुसार संपूर्ण देशाचा दर २०२३ साली २५ झाला. याचा अर्थ असा की, देशाने जे गाठले ते या दुष्काळी पट्ट्याने सुमारे पाव शतक आधी गाठले होते, आणि तेही मुख्यतः अल्पशिक्षित स्त्रियांच्या बळावर.

जगानेही याची दखल घेतली. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकसहभागातून चाललेल्या आरोग्यसेवांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात जामखेडवर प्रकरण होते. १९७८ साली आल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जागतिक जाहीरनामा संमत झाला, तो याच विचारधारेचा. १९७९ साली आरोळे दांपत्यास रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि १९९० साली डॉ. रजनीकांत यांना पद्मभूषण. डॉ. मेबल १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली निवर्तले. २००५ पासून गावोगावी काम करणाऱ्या 'आशा' कार्यकर्तीची कल्पनाही जामखेडच्या या स्त्रियांशी नाते सांगणारी आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. जामखेडलाही रुग्णालय होते आणि आहे. गावातील कार्यकर्तीने ओळखलेला गंभीर आजार शेवटी डॉक्टरकडेच पाठवावा लागतो. तेव्हा खाट नको, असा याचा अर्थ नाही. खाटेपर्यंत येण्याची वेळ कमी मुलांवर यावी, आणि ज्यांच्यावर येईल ती वेळेवर यावीत, एवढाच अर्थ आहे.

७. घरोघरी ठाऊक असावे असे काही

हा अहवाल अनेक रुग्णांच्या घरी वाचला जातो. म्हणून आमच्या डॉक्टरांनी तपासून दिलेली माहिती येथे देत आहोत.

जुलाब लागलेल्या बाळाचे पाणी कधीही तोडू नये. अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न चालू ठेवावे. क्षारसंजीवनीचे (ओआरएसचे) पाकीट मिळाल्यास त्यावर लिहिल्याप्रमाणे पाण्यात कालवावे. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते घोट-घोट पाजावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश द्यावे. डॉक्टर किंवा आशाताईंनी दिलेल्या झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण कराव्यात. डोळे खोल जाणे, बाळ सुस्त होणे, काहीच न पिणे, लघवी न होणे किंवा शौचात रक्त पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे. वाटेत पाजणे थांबवू नये.

खोकला झालेले मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास साठ किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे पन्नास किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा अधिक भरल्यास तो न्यूमोनिया असू शकतो. छाती आत ओढली जात असेल तर क्षणाचाही विलंब नको. पहिले सहा महिने बाळास केवळ आईचे दूध द्यावे. घुटी, मध, पाणी काहीही नको.

८. ताळेबंदात न दिसणारी मालमत्ता

आता विश्वस्त व देणगीदार यांच्यापुढे, आमच्या व्यवसायाच्या भाषेत, एक अडचण नम्रपणे मांडतो. देणगीतून खोली बांधली तर ती ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसते. तिच्यावर दात्याच्या मातापित्यांची नावे कोरता येतात. पोडावरील दहा स्त्रियांना वर्षभर शिकविण्यास झालेला खर्च मात्र उत्पन्न-खर्च पत्रकात प्रवासभत्ता व किरकोळ खर्च म्हणून पडतो आणि वर्षअखेर नाहीसा होतो. लेखापरीक्षक विचारतात, यातून काय उभे राहिले? दाखविण्यासारखे काहीच नसते.

कायद्याची दृष्टीही काहीशी तशीच आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानुसार लागू झालेल्या योजनेत धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखावयाच्या असतात आणि एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. ही तरतूद अत्यंत आवश्यक आहे. परंतु तिच्यातही मोजली जाते ती खाट. त्या श्रावणातील बाळ आमच्या तक्त्यांत 'निर्धन रुग्ण, एक' असे नोंदले गेले आणि नियमाच्या दृष्टीने आमचे कर्तव्य पूर्ण झाले. आमचे मन मात्र तसे मानावयास तयार नाही.

म्हणून येत्या वर्षासाठी आमचा प्रस्ताव साधा आहे. नवीन बांधकामासाठी येणाऱ्या देणग्यांबरोबरच 'ग्रामशिक्षण निधी' या नावाने स्वतंत्र खाते उघडावे. त्यातून आशाताई व अंगणवाडी सेविका यांच्या सहकार्याने, त्यांचे काम हिरावून न घेता, पोडांवरील व वस्त्यांवरील माता आणि आज्या यांना नियमित शिकवावे. कोलामी बोलणाऱ्या स्त्रियांना त्यांच्याच बोलीत शिकविणारी स्त्री त्यांच्यातूनच निवडावी. प्रशिक्षणाच्या दिवशीची बुडालेली मजुरी भरून द्यावी, कारण उपाशी पोटी शिका, असे म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही. आणि अहवालात खाटांच्या तक्त्याशेजारी आणखी एक रकाना असावा: किती मुले वेळेवर आली आणि किती उशिरा. हा रकाना आमच्यासाठी सुखद नसेल. तरीही तो प्रामाणिकपणे भरण्याची जबाबदारी आम्ही स्वीकारतो.

९. चिंतनासाठी

विश्वस्त मंडळाच्या बैठकीत आणि आपल्या घरीही पुढील प्रश्नांवर विचार व्हावा, अशी विनंती आहे.

ज्यांना आपण मदत करतो, त्यांच्यापैकी कोणाच्या हाती आपण ज्ञान व अधिकार दिला आहे?

आपल्या देणगीचे फळ दगडात कोरता आले नाही, तरी ती देण्याची आपली तयारी आहे काय?

आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या किंवा शेतात निंदणाला येणाऱ्या स्त्रीस जुलाबाच्या पाण्याचे प्रमाण ठाऊक आहे काय? नसल्यास ते तिला सांगण्यास किती वेळ लागेल?

त्या दिवशीची ती आई पुढे एकदा आमच्याकडे आली होती, आपल्या जावेला घेऊन. जावेचे बाळ आजारी होते, परंतु डोळे टवटवीत होते. वाटेत ती त्याला वाटी-चमच्याने मीठसाखरेचे पाणी पाजीत आली होती. हे कोणी शिकविले, असे परिचारिकेने विचारले, तेव्हा जावेने केवळ तिच्याकडे बोट दाखविले. आमच्या कोणत्याही खात्यात ही नोंद नाही. ती येथे करून ठेवीत आहोत.

 

प्रशासक,
राळेगाव, जि. यवतमाळ